मदत हवी आहे: तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या मॉडेलमध्ये वारा (ताऱ्यातून बाहेर वाहणारा वायू) सुटतच नाही

१ सौर वस्तुमान, ५००० सौर तेजस्विता, २८०० केल्विन, कार्बनपेक्षा ऑक्सिजन जास्त. एकमितीय मॉडेल आहे, स्पंदनं चालू आहेत. ताऱ्याच्या दोन त्रिज्यांपाशी मॅग्नेशियम सिलिकेटचे कण बनतात, पण वर उचललेला वायू परत खाली येतो. अपारदर्शकतेत (दर ग्रॅममागे प्रकाश अडवण्याच्या क्षमतेत) फक्त शोषण धरलंय. कणांत लोह घातलं की वारा सुटतो. लोह ठेवू का?

प्रतिसाद १
ठेवू नका. तुम्ही कणांचं तापमान वायूइतकंच धरलेलं दिसतंय, म्हणून ते लोह टिकतंय. या ताऱ्याचा प्रकाश १ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो आणि लोहयुक्त सिलिकेट तिथेच शोषण करतं. कणांचं तापमान प्रारण-समतोलातून (कण जितकं प्रारण शोषतो तितकंच बाहेर टाकतो, यावरून) काढलंत तर दोन त्रिज्यांपाशी त्यांची वाफ होऊन जाईल. जिथे टिकतील तिथे वायू इतका विरळ असतो की कण वाढतच नाहीत.

लोहाविना कण जवळपास पारदर्शक असतात. ताऱ्याचा प्रकाश त्यांना ढकलतो तो स्कॅटरिंगमुळे (प्रकाश विखुरल्यामुळे), तेही कण ०.३ मायक्रॉनच्या घरात असले तरच. लहान कणांचं सूत्र सोडा, पूर्ण मी (Mie) सिद्धांत वापरा, म्हणजे तरंगलांबीच्या जवळपास आकाराच्या कणांवरून प्रकाश कसा विखुरतो त्याचं गणित. पुढच्या दिशेला विखुरलेला प्रकाश ढकलत नाही, तो वाटा वजा करायला विसरू नका.

गुरुत्वावर मात करायला लागणारी अपारदर्शकता १३००० × वस्तुमान ÷ तेजस्विता (दोन्ही सौर एककांत), म्हणजे तुमच्यासाठी २.६ चौ.सेंमी. प्रति ग्रॅम.

धागाकर्ता
मी (Mie) सिद्धांत लावला. कण ०.०७ मायक्रॉनच्या वर जात नाहीत. बीजकण (ज्यांच्यावर धुळीचे कण वाढतात ती सूक्ष्म बीजं) हायड्रोजनच्या दर अणूमागे १०^-१२ आहेत.

प्रतिसाद २
तिथेच अडलंय. बीजं इतकी जास्त की सगळं मॅग्नेशियम वाटून घेतल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला तेवढंच येतं. ३ × १०^-१५ करा. मग साधारण पाव मॅग्नेशियम लागलं की कण ०.३ मायक्रॉनचे होतात आणि अपारदर्शकता ३ च्या आसपास जाते. त्याहून फार कमी बीजंही नकोत, कण मोठे झाले तरी त्यांची संख्या पुरत नाही.

पडताळा: दोन त्रिज्यांपाशी मुक्तिवेग सुमारे २५ किमी/से. प्रारणदाब गुरुत्वाच्या १.२ पट असेल तर वाऱ्याचा अंतिम वेग ११ किमी/से. च्या जवळ यायला हवा. ४०-५० आला तर कुठेतरी शोषण उगाच शिल्लक राहिलंय.