मॉलमधल्या गाळ्याचं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पूर्व उपनगरातल्या एका मॉलमध्ये बाबांनी २००८ साली निवृत्तीच्या पैशातून १४० चौरस फुटांचा गाळा घेतला. बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले, त्यामुळे आज मालक शेकडो आणि वाली कुणीच नाही. मालाडच्या इनऑर्बिटमध्ये मालक एकच, तो दुकानं भाड्याने देतो, कुठे काय असावं तेही तोच ठरवतो. तिथे गर्दी टिकली. आमच्याकडे सरकता जिना बंद, पायऱ्यांवर कबुतरांची घाण. परवा शटर उघडायला गेले, तर गंजून अर्ध्यावरच अडकलं. मेंटेनन्सचं बिल मात्र दर महिन्याला येतंच.

२०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली, वरच्या रुग्णालयातले रुग्ण दगावले. तेव्हापासून बाबांना तिथे एकटं पाठवत नाही.

आता काही गाळेधारक पुनर्विकासाचं म्हणतायत. गृहनिर्माण संस्थांना ५१ टक्के संमती पुरते; निव्वळ व्यापारी गाळ्यांच्या सोसायटीलाही तेच लागू होतं का? की मिळेल त्या भावाला विकून मोकळं व्हावं? बाबा ७६ वर्षांचे आहेत, गाळ्याची किल्ली अजून देवघरात ठेवतात. कुणी यातून गेलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा.