मदत हवी आहे: नावाजलेल्या बिअर मला आवडत नाहीत, बेल्जियममध्ये काय घ्यावं?

मंडळी,

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही ब्रुसेल्सला जातोय. पुण्याहून धाकटा मेहुणाही येतोय. त्याला बिअरची मनापासून आवड आहे आणि त्याची यादी तयार आहे: ब्रुसेल्समध्ये कांतियों ब्रुअरी, एक दिवस गाडीने ओर्व्हालचा मठ (ओर्व्हाल बिअर तिथेच बनते), आणि जाता-येता गव्हाची पांढरी बिअर. यादीत नाव ठेवायला जागा नाही. अडचण एवढीच की यातल्या जवळजवळ सगळ्या बिअर मी जर्मनीत चाखल्या आहेत आणि एकही आवडलेली नाही.

मी एर्लांगनला राहतो. इथून बांबर्ग जवळ, त्यामुळे कोणीही पाहुणे आले की तिथल्या श्लेंकर्ला या बिअरच्या खानावळीत नेणं होतंच. बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या धान्याची) त्यांची बिअर, ५.१ टक्के, लाकडी पिंपातून थेट ग्लासात. रंग गडद तांबूस, फेस दाट, दिसायला फार सुंदर. पण ग्लास ओठांना लागायच्या आधीच धुरावलेल्या मांसाचा वास नाकात शिरतो आणि पुढे दुसरं काही कळतच नाही. तिथले लोक सांगतात, पहिल्या ग्लासावर मत बनवू नका, तिसऱ्यापर्यंत थांबा. थांबलो. तिसऱ्या ग्लासाला धूर कमी वाटतो हे खरं, पण मला वाटतं तोवर नाक त्या वासाला सरावलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नव्याने पहिला घोट घेतला की पुन्हा तेच. धुराचं वावडं म्हणावं तर भरताचं वांगं मी मुद्दाम गॅसवर काळं होईपर्यंत भाजतो.

हेफेवायझेन या जर्मन गव्हाच्या बिअरचं तेच. केळ्याचा वास चालतो, त्यामागून लवंग आली की ग्लास बाजूला. ओर्व्हालमध्ये चामडं आणि घोड्याचा तबेला यांचा वास. कडूपणाची मात्र काहीच तक्रार नाही. पिल्सनर उर्क्वेल, इथल्या फ्रँकोनियातल्या गावांतली न गाळलेली केलरबिअर, कडक आयपीए, सगळं आनंदाने पितो.

थोडं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. धुरातलं ग्वायाकॉल, हेफेवायझेनमधलं ४-विनाइल ग्वायाकॉल आणि ओर्व्हालच्या तबेल्यामागचं ४-इथाइल फिनॉल ही एकाच कुळातली, फिनॉल वर्गातली रसायनं आहेत. म्हणजे मला तीन वेगळ्या बिअर नावडत नसून एकच गोष्ट तीन रूपांत नावडत असावी. हे पटलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण इतकी वर्षं “तुला अजून चव कळलेली नाही” हेच ऐकत आलोय.

आता प्रश्न:
फिनॉल कमी असलेल्या बेल्जियन बिअर कोणत्या? ओर्व्हालला जाऊन ओर्व्हालच प्यायची तर ती सुसह्य होईल असा काही मार्ग आहे का? मेहुण्याचा विरस करायचा नाही आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याची बाटली घेऊनही बसायचं नाही.

“सवय होईल” हा सल्ला कृपया नको. तो प्रामाणिकपणे पाळून झाला आहे.

प्रतिसाद १

मी घरी बिअर बनवतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. तुमचा तर्क बरोबर आहे. धान्यात फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्ट त्याचं ४-विनाइल ग्वायाकॉल करतात, हीच ती लवंग. हेफेवायझेन करताना लवंग वाढवायची असेल तर मॅश (दळलेलं माल्ट आणि गरम पाणी यांचं मिश्रण) साधारण ४५ अंशांवर थोडा वेळ थांबवतात, म्हणजे फेरुलिक आम्ल जास्त सुटतं. लागरच्या यीस्टला हे रूपांतर जमत नाही, म्हणून तुमच्या पिल्सनर आणि केलरबिअर स्वच्छ लागतात. ब्रेटॅनोमायसेस हे यीस्ट त्याच्याही पुढे जातं आणि विनाइलची इथाइल फिनॉलं करतं. तोच तुमचा तबेला.

अडचण अशी की बेल्जियन एलचे (म्हणजे लागर नसलेल्या बिअरचे) बरेचसे यीस्ट लवंग देणारेच आहेत. तरी वाट आहे. अँटवर्पची दे कोनिंक घ्या, तांबूस, साधी, गोल ग्लासात देतात. ड्यूव्हेलचं यीस्ट मुळात स्कॉटलंडहून आणलेलं, त्यात फळ जास्त आणि लवंग पुसट. फक्त ८.५ टक्के आहे हे लक्षात असू द्या, पिताना ते अजिबात जाणवत नाही. ब्रुसेल्समध्येच दे ला सेन ब्रुअरीची तारास बुल्बा मिळेल, ४.५ टक्के, हॉप्स या फुलांचा कडूपणा पुढे. आयपीए आवडणाऱ्याला मी डोळे मिटून हीच सुचवेन.

आंबट चालत असेल तर रोडेनबाखची ग्राँ क्रू नक्की घ्या. दोन वर्षं मोठ्या ओकच्या पिंपांत मुरलेली बिअर आणि ताजी बिअर यांचं ते मिश्रण. त्यात आंबटपणाचा जोर इतका की बाकीचं मागे पडतं. आमच्याकडे ज्यांना बिअरच आवडत नाही त्यांनीही ती मागून घेतली आहे.

प्रतिसाद २

ओर्व्हालबद्दल. बाटली भरताना तिच्यात ब्रेट (वर आलेलं ब्रेटॅनोमायसेस) घालतात आणि ते बाटलीत महिनोन्‌महिने काम करत राहतं. म्हणून ताजी ओर्व्हाल आणि वर्षभराची ओर्व्हाल या चवीला दोन वेगळ्या बिअर आहेत. ताजी असेल तर हॉप्सचा वास आणि स्वच्छ कडूपणा, तबेला जेमतेम. बाटलीवर भरल्याची तारीख असते, ती बघूनच घ्या. तुम्ही जर्मनीत घेतलेली बाटली बहुधा बरीच जुनी असणार.

मठाजवळच्या खानावळीत कमी अल्कोहोलची हिरवी ओर्व्हाल मिळते. ती दुसरीकडे सहसा दिसत नाही. तुम्ही ती घ्या, मेहुण्यांना जुनी बाटली मिळते का ते विचारा. दोघं एकमेकांचा घोट घेऊन बघा, फरक लगेच कळेल.

प्रतिसाद ३

कांतियोंबद्दल स्पष्टच सांगते. १९०० सालापासूनची ही ब्रुअरी बघायला नक्की जा. छपराखाली तांब्याचं उथळ, पसरट भांडं आहे, त्यात गरम वर्ट (माल्टचा गोड काढा) रात्रभर उघडं ठेवतात आणि हवेतलेच जीव त्यात उतरतात. म्हणून बनवणं फक्त थंडीच्या महिन्यांत. पण अशा बिअरमध्ये, म्हणजे लँबिकमध्ये, ब्रेट असणारच, ते टाळता येत नाही. गझ (जुन्या-नव्या लँबिकचं मिश्रण) तुम्हाला झेपणार नाही असं मला वाटतं. चेरीची क्रीक एकात दोघं घ्या, आंबट फळ पुढे असतं.

नाही आवडली तर तसं सांगा आणि ग्लास मेहुण्यांकडे सरकवा. माझ्या नवऱ्याला लँबिक अतिशय प्रिय, मला सोसत नाही. आमच्या टेबलावर यावरून कधी कोणाचं बिघडलेलं नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. भरल्याच्या तारखेची गोष्ट खरोखर माहीत नव्हती. आत्ताच फ्रिजमधली ओर्व्हाल काढून बघितली, सव्वा वर्षाची आहे. ती आता मेहुण्यासाठी राखून ठेवतो. तारास बुल्बा आणि दे कोनिंक यादीत घेतल्या.

एक उरलं: अँटवर्पला न जाता दे कोनिंक ब्रुसेल्समध्ये नळावर कुठे मिळेल, हे कोणाला ठाऊक असेल तर कळवा. स्टेशनच्या आसपास असेल तर उत्तमच, आमची परतीची गाडी संध्याकाळची आहे.