लो-कार्ब सुरू करताना ताटात काय घेतलंत? (अनुभव धागा)

भात, ब्रेड, साखर सोडली हे सगळे सांगतात, त्या जागी काय खाल्लं ते कोणी सांगत नाही म्हणून हा धागा. माझा पहिला आठवडा उपाशीच गेला, कारण कार्ब्ज कमी केले आणि सवयीने तेल-लोणीही कमी केलं, मग राहिलं काय तर काकडी! चौथ्या रात्री फ्रीजचं दार उघडं धरून उभ्या उभ्या उरलेला केक बोटाने निपटला. आता सकाळी लोण्यात तीन अंड्यांचं ऑम्लेट, आत पालक आणि चीज, की दुपारी दोनपर्यंत भुकेची आठवण नाही. लिहा तुमचं, फजितीसकट.

*

तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की हाफ डे टाकून घरी आले. बहीण डाएटिशियन आहे, ती म्हणाली आधी मीठ घातलेलं गरम सूप पी आणि मग बोल. तासाभरात माणसात आले. कार्ब्ज घटले की इन्सुलिन उतरतं आणि किडन्या मीठ जास्त बाहेर टाकतात, सोबत पाणीही जातं. मी नुसतं पाणी ढोसत होते, त्याने उलट अजून गळल्यासारखं झालं. (बीपी, किडनीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.)

*

काजू!! 'नट्स चालतात' एवढंच वाचलं आणि रोज टीव्हीसमोर वाटी घेऊन बसलो. १०० ग्रॅम काजूत ३० ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८. म्हणजे भातच खात होतो की. आता बदाम-अक्रोड, तेही मोजून, आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर.

*

पाच दिवसांत अडीच किलो उतरलं म्हणून गावभर सांगत सुटले. नंतर कळलं ते पाणी, ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या कार्ब्जच्या) एका ग्रॅमसोबत ३ ग्रॅम तरी पाणी साठलेलं असतं म्हणे. पुढे दोन आठवडे काटा ढिम्म.

*

कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते, पोट साफ होईना. चीज-अंडी-चिकन एवढ्यावर राहिलं की हेच होणार. पालेभाज्या आणि फ्लॉवर वाढवला तेव्हा गाडी रुळावर आली. फ्लॉवर किसून भातासारखा करायचा तर पॅन मोठा घ्या आणि झाकण ठेवू नका, मी ठेवलं आणि लापशी झाली, वाफेचं पाणी आतच राहतं ना. किसल्यावर फडक्यात घट्ट पिळा, पाच मिनिटं मोठ्या आचेवर परता, मीठ शेवटी.

*

डायबेटिसच्या गोळ्या चालू असताना मी परस्पर सुरू केलं. दुसऱ्याच संध्याकाळी हात थरथरायला लागले, घामाने शर्ट भिजला, शुगर ५८. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि झापलंही. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कृपा करून आधी विचारा.

*

मला कीटो, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब्ज, झेपलं नाही, चिडचिड इतकी की घरचे म्हणाले खा बाई भात. सध्या १०० च्या आसपास ठेवते, दुपारी थोडा भात आणि रात्री मासे-सॅलड. सहा महिने टिकलंय. फक्त कॉफीतली साखर सुटत नाही, त्याला काय केलंत कोणी?