मदत हवी आहे : जखमी एंजल माशाला क्वारंटाइन टँकमध्ये (आजारी माशाला वेगळं ठेवायच्या टँकमध्ये) हलवायचंय, न घाबरवता (कोल्हापूर)

राजारामपुरी_टँक
टँक ३६ × १५ × १८ इंच, प्रत्यक्ष पाणी सुमारे १३० लिटर. मासे : ४ एंजल, ६ कोरीडोरास, १० विडो टेट्रा. तापमान २६ अंश, पीएच (पाण्याची आम्लता) ७.४, माशांच्या घाणीतून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्य. एका एंजलचा पाठीवरचा पंख फाटलाय आणि फाटलेल्या कडेला कापसासारखं पांढरं आलंय. खातोय, पण कोपरा धरून असतो. जाळी घातली की लाकडामागे शिरतो.

रिकामा १८ × १२ × १२ चा टँक आहे, ५० वॅटचा हीटर, एअर पंप आणि नवा कोरा स्पंज फिल्टर. पाणी कुठलं भरू? एंजल कसा पकडू? औषध लगेच सुरू करू का?

पंचगंगाकाठ
पाणी नळाचं नको, मोठ्या टँकमधलंच भरा. मासा आजारी असताना त्याला पीएच, क्षार, तापमान असं सगळंच एकदम नवं मिळालं तर औषधाआधी तोच मार बसतो. मोठ्या टँकमधून ३० लिटर सायफनने काढा, छोट्यात साधारण ८ इंच पाणी होईल. पाणी मधल्या थरातलं घ्या, तळातला गाळ येऊ देऊ नका. मोठ्या टँकला तेवढं नवं पाणी घातलं की त्याची आठवड्याची पाणीबदलीही झाली. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचंच. पाइपलाइन काळम्मावाडी धरणाची असो की आणखी कुठली, नळाचं पाणी क्लोरीन मारूनच येतं. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर राहिलं म्हणजे क्लोरीन उडालं, या भरवशावर राहू नका.

कोऱ्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. मोठ्या फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर ते असतात, त्या मूठभर काढा, जाळीच्या पिशवीत घालून छोट्या टँकमध्ये स्पंजच्या बुडख्याशी ठेवा. मोठ्या टँकचा स्पंज छोट्याच्या पाण्यात पिळला तरी चालतं. पाणी तासभर गढूळ दिसेल, काळजी नको. तरीही अमोनिया रोज तपासा. ०.२५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दिसला की चौथा हिस्सा पाणी बदला. तुमचा पीएच ७ च्या वर आहे, त्यामुळे तेवढाच अमोनिया जास्त बाधतो.

पाणी भरून, हीटर आणि पंप लावून टँक एक दिवस माशाशिवाय चालवा. ५० वॅटचा हीटर ३० लिटरला पुरतो, पण थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा. दोन्ही टँकमध्ये १ अंशापेक्षा जास्त फरक नको. तळाला वाळू नको. आडोसा म्हणून ३-४ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवा, कडा कानशीने घासून. तीन बाजूंना काळा कागद लावा आणि वर झाकण ठेवा.

स्पंज_आणि_हवा
भावा, पकडण्याआधी जाळी विसर. एंजलचे लांब पंख जाळीच्या छिद्रांत अडकतात, खवले निघतात, अंगावरचा चिकट थर जातो. मग जी बुरशी पंखापुरती होती ती अंगावर यायला वाट मोकळी. पारदर्शक प्लास्टिकचा २-३ लिटरचा रुंद तोंडाचा डबा घे. साबण लागलेला नको.

आदल्या दिवशी त्याला खायला घालू नकोस, म्हणजे छोट्या टँकमध्ये घाण कमी होईल. रात्री टँकचा दिवा बंद करून अर्धा तास जाऊ दे, खोलीत मंद उजेड ठेव. लाकूड आणि दगड आधी काढून घे, पण सावकाश. हीटरचा प्लग काढ, कारण पाणी खाली गेल्यावर उघडा पडलेला चालू हीटर तडकतो. आता मोठ्या टँकचं पाणी स्वच्छ बादल्यांत काढून पातळी खाली आण, त्याच वेळी पकड, आणि नंतर तेच पाणी परत घाल. पाणी उथळ झालं की मासा पळून जाणार कुठं?

डबा पाण्यात आडवा धर, आत हवा राहू देऊ नकोस, आणि हलवूच नकोस. दुसऱ्या हातात जाळी घे, तीही फक्त वळवायला. मासा स्थिर वस्तूला फार बिचकत नाही, मागून सरकत येणाऱ्याला बिचकतो. काचेच्या कडेने हळूहळू डब्याच्या तोंडाशी आण. आत शिरला की डबा उभा कर आणि पाण्यासकट उचल. वर तळहात ठेव, उडी मारतो. पाच मिनिटांत जमलं नाही तर थांब, अर्ध्या तासाने पुन्हा बघ. पाठलाग लांबला की मासा दमतो, कल्ले जोरात हलायला लागतात, आणि बाकीचे एकोणीसही उगाच भेदरतात.

दोन्हीकडे पाणी एकच असल्यामुळे थेंबाथेंबाने पाणी घालत बसायची गरज नाही. डबा छोट्या टँकमध्ये बुडवून तिरपा कर, मासा आपला बाहेर येईल. दिवा दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद. खाणं २४ तासांनी, तेही चिमूटभर, आणि उरलेलं लगेच काढ.

पंचगंगाकाठ
एक राहिलं. एंजलवर मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके असते, म्हणजे इच हा रोग, तर एकालाच हलवून काही साधलं नसतं. त्याचे जंतू टँकच्या तळाशी सुटून वाढतात, औषध अख्ख्या टँकलाच करावं लागतं. तुमच्याकडे फाटलेल्या कडेलाच कापूस आहे, म्हणून वेगळं करणं बरोबर.

तळ्यातलं_पाणी
कापूस दोन प्रकारचा असतो. फाटक्या पंखावर पांढरे, लोंबणारे धागे असतील तर बुरशी. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पिवळसर डाग असेल आणि तो तासातासाला पसरत असेल तर कॉलम्नारिस, म्हणजे जिवाणू. इचसाठी पाणी ३० अंशांवर नेतात, तेच कॉलम्नारिसला केलं तर रोग भडकतो. म्हणून तापमान २६ वरच ठेवा.

पहिला दिवस औषध नको, मासा सावरू दे. नंतर खडे मीठ, लिटरला १ ग्रॅम. ३० लिटरला ३० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, मगभर पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत. पाणी बदललं की काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्यासाठी साधं पाणी घाला, कारण मीठ उडत नाही. तीन दिवसांत धागे आखडले नाहीत तर मिथिलिन ब्लू, बाटलीवरच्या प्रमाणात. पण ते फिल्टरचे जिवाणूही मारतं, म्हणून आधी रिंगांची पिशवी मोठ्या टँकमध्ये न टाकता वेगळ्या बादलीत काढा आणि रोज २५ टक्के पाणी बदला. काचेच्या सांध्यातला सिलिकॉन निळा होईल, तो कायमचाच.

आणि पंख फाटला कशाने, ते बघा. विडो टेट्रा लांब पंख कुरतडतात. हेच कारण असेल तर बरा झालेला मासा परत तिथंच सोडणं म्हणजे त्याला पुन्हा आजारी पाडणं.

राजारामपुरी_टँक
विडोंचं लक्षात आलं नव्हतं, त्यांना दुसरीकडे देतो. दोन शंका : पावसात लाईट जाते तेव्हा काय? आणि परत आणताना?

स्पंज_आणि_हवा
सेलवर चालणारा एअर पंप ठेव, इन्व्हर्टर असेल तर साध्या पंपाला तो सहज पुरतो. हीटर त्यावर चालवला तर बॅटरी लवकर उतरते, त्याऐवजी टँकभोवती जाड चादर गुंडाळ. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर लाईट गेली की पाणी उलटं पंपात येतं. जाळी, नळी, डबा छोट्या टँकसाठी वेगळे ठेव. रोजचं काम आधी मोठ्या टँकचं, मग छोट्याचं. हात धुऊन.

पंचगंगाकाठ
लक्षणं गेल्यावर अजून ७ दिवस थांबा. शेवटचे ४ दिवस रोज चौथा हिस्सा पाणी काढून मोठ्या टँकमधलं घाला, मीठ न घालता. दोन्ही पाणी जवळ आली की मग तसाच डब्याने उचला. सोडण्याआधी मोठ्या टँकमधलं लाकूड जागचं हलवा. उरलेल्या तीन एंजलनी तोवर कोपरे वाटून घेतलेले असतात, आणि परत आलेल्याला ते हाकलतात. मांडणी बदलली की सगळ्यांनाच नव्याने जागा शोधावी लागते.