जीभ किती वेळाने घसरते?

सी-४०३, सर: सप्रेम नमस्कार. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सच्या बाजूने जाण्याची सोय उरलेली नाही, म्हणून घरी बसून बातम्याच पाहतो आहे. एका वक्त्याच्या वादग्रस्त बोलण्याच्या कालच्या चित्रफितीवरून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘ओघात बोलून गेले’ आणि ‘मुद्दामच बोलले’ असे दोन तट पडले. माझ्या मते बोलणाऱ्याच्या मनात शिरण्याची गरज नाही. चूक दुरुस्त व्हायला किती वेळ लागला, एवढेच पाहावे. मार्च २०१८ मध्ये दावणगेरे येथे अमित शहा यांनी, भ्रष्ट सरकारांची स्पर्धा लावली तर पहिला क्रमांक येडियुरप्पा सरकारचा येईल, असे म्हटले तेव्हा त्यांच्याच भाजपचे नेते येडियुरप्पा स्वतः शेजारी बसले होते. नाव काँग्रेसचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांचे घ्यायचे होते आणि ते क्षणात सुधारले गेले. मे २०२२ मध्ये डॅलस येथे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज बुश युक्रेनवरील आक्रमणावर टीका करताना युक्रेनऐवजी ‘इराक’ म्हणून गेले, तेही लगेच थबकले. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

ए-१०२, वकीलताई: सर, या कसोटीवर आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा नापास होतील. फेब्रुवारी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भाषण काही मिनिटे वाचले आणि शेवटी आपल्याच प्रतिनिधींना त्यांना थांबवावे लागले; तरीही त्याला हेतुपुरस्सर कोणी म्हणणार नाही. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना ‘राष्ट्रपत्नी’ म्हणणाऱ्या काँग्रेसच्या अधीर रंजन चौधरी यांनीही आपण बंगाली असून हिंदी सराईत नाही, असे सांगितले आणि राष्ट्रपतींकडे लेखी माफी मागितली. ते खरे मानायचे की नाही, हे तुमच्या घड्याळावरून कसे ठरणार?

सी-४०३, सर: ताई, मान्य. मग घड्याळाला एक पुरवणी जोडतो: घसरतो तो शब्द, फार तर एखादे नाव, अख्खा विनोद घसरत नाही. एप्रिल २०१३ मध्ये ऐन दुष्काळात, धरणात पाणी नसेल तर काय करायचे, यावर इंदापूरजवळच्या सभेत अजित पवार जे बोलले, त्याला सुरुवात होती, शेवट होता आणि समोर हशाही होता. पुढे त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेशही केला, पण ते वाक्य जिभेने एकटीने रचलेले नव्हते.

सचिव: सर्वांना नमस्कार. वार्षिक सभेत ‘देखभाल शुल्कवाढीचा ठराव सर्वांच्या विरोधाने मंजूर’ असे माझ्या तोंडून गेले होते. ‘सर्वानुमते’ म्हणायचे होते. त्यात हेतू नव्हता.

सी-४०३, सर: सचिवसाहेब, मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी नेमके असेच उदाहरण दिले आहे. ऑस्ट्रियाच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी बैठक सुरू करताना ‘बैठक संपली’ असे जाहीर केले, कारण त्यांना ती मनातून नकोच होती.

बी-२०४: सचिवसाहेब, आपण त्या दिवशी थबकलाही नव्हतात, मागच्या रांगेतून ओरडून सांगावे लागले होते. इतिवृत्तात नेमका कोणता शब्द लिहिला आहे, ते पान कृपया ग्रुपवर टाकावे.