नवे गाणे सुचवताना सोबत जुने गाणेही द्यावे का?

सांजधून : आवडलेली गाणी आपण मित्रमंडळींना, घरातल्या मुलांना सतत पाठवत असतो. चित्रपटाबाहेरच्या पॉप किंवा इंडी (कलाकारांनी स्वतंत्रपणे केलेल्या) संगीतातले नवे गाणे कुणाला सुचवायचे असेल, तर त्याच जातकुळीतले एक जुने गाणे त्याच्या जोडीला द्यावे, असे माझे ठाम मत आहे. चित्रपटगीतांना याची गरज भासत नाही, कारण त्यांची परंपरा आकाशवाणीने, दूरचित्रवाणीने आणि घरोघरच्या भेंड्यांनी जिवंत ठेवली आहे. चित्रपटाबाहेरच्या गाण्याला असा कुणी वाली नाही. ते एका पिढीच्या कानावर पडते, तिच्यासोबतच मागे राहते, आणि पुढच्या पिढीला वाटते की असे गाणे आपल्याच काळात प्रथम जन्माला आले.

प्रतीक कुहाड यांचे २०२० साली आलेले ‘कसूर’ हे गाणे घ्या. गिटारची साधी साथ आणि जोर न लावता गाणारा, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज, एवढ्यावर ते उभे आहे. असा आवाज गायकाचा आवाज म्हणून आज सहज स्वीकारला जातो, पण हे आपोआप घडलेले नाही. लकी अली यांचा ‘सुनो’ हा अल्बम १९९६ साली आला, तेव्हा त्यांच्या किंचित खरखरीत, तालमीत न घोटलेल्या आवाजाने गाण्याविषयीची आपली अपेक्षाच बदलली. त्यानंतर दोन वर्षांनी सिल्क रूट या बँडचे ‘डूबा डूबा’ आले. त्याचे गायक मोहित चौहान त्यात शब्द असे सोडतात, की गाणारा कुणाला ऐकवत नसून स्वतःशीच गुणगुणत आहे असे वाटावे. या दोघांना ऐकून मग ‘कसूर’ ऐकले, की त्यातला संयम वेगळ्याच तऱ्हेने जाणवतो. म्हणून माझ्या पुतणीला नवे गाणे पाठवताना मी जुने गाणे आणि त्याविषयीच्या चार ओळी आवर्जून जोडतो.

मुक्तछंद : आपली तळमळ समजते, पण ही रीत मला नव्या गाण्यावर अन्याय करणारी वाटते. दोन गाणी शेजारी ठेवली की तुलना टळत नाही, आणि जुन्या गाण्याच्या पाठीशी पाठवणाऱ्याचे सारे तारुण्य उभे असते. त्याच्याविषयीच्या चार ओळी आपण जितक्या प्रेमाने लिहिता, तितक्या नव्या गाण्याविषयी लिहिता का? समोरच्याला तो कल लगेच कळतो, आणि मग नवे गाणे ऐकण्याआधीच त्याचे स्थान ठरून जाते. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामा यांनी आपल्या आवडत्या गाण्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात कुहाड यांचे ‘कोल्ड/मेस’ होते. कोणत्याही पूर्वसुरींचा दाखला सोबत नसतानाही कुहाड यांचे नावही न ऐकलेल्या असंख्य लोकांनी ते गाणे शोधून ऐकले.

शिवाय नव्वदच्या दशकातील इंडीपॉपला, म्हणजे तेव्हाच्या चित्रपटबाह्य भारतीय पॉपला, आजच्या इंडी संगीताचे पूर्वज ठरवणे मला पटत नाही. १९९५ साली गाजलेल्या अलीशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’मागे बिद्दू यांच्यासारखे मातब्बर संगीतकार, एक कॅसेट कंपनी आणि मिलिंद सोमण यांना घेऊन केलेली देखणी चित्रफीत होती. चॅनेल व्ही आणि पाठोपाठ एमटीव्ही या संगीत वाहिन्यांच्या पडद्यावरून अशी गाणी घराघरांत शिरली. याउलट पुण्यात शिकणाऱ्या रित्विझने शास्त्रीय गायनाची तालीम आणि संगणकावर रचलेले ठेके एकत्र आणून २०१७ साली ‘उड गए’ केले. ही दोन जगे इतकी निराळी आहेत की एकाची वाट दुसऱ्यातून काढणे ओढूनताणून केल्यासारखे होईल.

मांडवीकाठ : पूर्वज आहेत, पण आपण दोघेही त्यांना वाहिन्यांच्या काळात शोधत आहात. ते त्याच्याही आधी गोव्यातल्या शिवोलीच्या एका घरात होते. रेमो फर्नांडिस यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे आवाजाचे चार स्वतंत्र थर, घेणाऱ्या यंत्रावर घरीच ध्वनिमुद्रित केला. गाणे त्यांचे, वाद्येही तेच वाजवत.

असे यंत्र वापरण्यात काय कस लागतो, ते सांगतो. ट्रॅक चारच असल्याने तीन भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवावे लागतात, तेव्हाच पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. मात्र एकदा एकजीव झालेल्या वाद्यांना नंतर वेगळे करता येत नाही. पुढे गिटार थोडी मोठी हवी होती असे वाटले, तरी उपाय उरत नाही. त्यामुळे पुढचे अख्खे गाणे मनात आधी वाजलेले असावे लागते. प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर थोडी वाढते ती वेगळीच. कॅसेट तयार झाल्यावर रेमो यांनी स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन ती स्वतः पोहोचवली. एकट्याने घरात गाणे घडवून थेट ऐकणाऱ्यापर्यंत नेणे हाच जर इंडी संगीताचा प्राण असेल, तर रित्विझचे गाणे पाठवताना सोबत रेमो यांचे गाणे द्यायला काय हरकत आहे? जोडी आवाजाच्या साम्यावरून न लावता घडणीवरून लावावी, एवढेच माझे म्हणणे.

आणि जुने पॉप म्हणताना लोर्ना कोर्देरो यांना वगळू नये. ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदासोबत त्यांनी गायलेली कोंकणी गाणी इंडीपॉपच्या किती तरी आधीची आहेत, आणि जॅझच्या अंगाने जाणारा तो दमदार आवाज ऐकायला भाषा यावी लागत नाही.

तालमात्रा : मी व्यवहाराच्या बाजूने विरोध नोंदवतो. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच ते ऐकले गेले अशी नोंद होते, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला तिथे मानधनच मिळत नाही. एखाद्या होतकरू कलाकारासाठी हा उंबरठा खरा आहे. आपण दोन-तीन गाणी एकत्र पाठवली की घेणारा प्रत्येकाचा आरंभ चाळतो आणि पुढे जातो, हे मी माझ्या मित्रांत वारंवार पाहिले आहे. लकी अली यांना ऐकणारे भरपूर आहेत, पण नव्या मुलीचे पहिले गाणे शेवटपर्यंत ऐकले जाणे तिच्यासाठी मोलाचे आहे. म्हणून एका वेळी एकच गाणे पाठवावे, तेही नवे, आणि शक्य असेल तिथे ते बँडकॅम्पसारख्या ठिकाणी विकत घ्यावे, जिथे किमतीतला मोठा वाटा कलाकाराच्या हाती पडतो.

सांजधून : तालमात्रा यांचा हिशेब योग्य आहे आणि नवे गाणे आधी, जुने चार दिवसांनी, असा क्रम मी मान्य करतो. पण जुन्याला ऐकणारे भरपूर आहेत, हे सरसकट खरे नाही. ‘गारवा’ हा मराठी अल्बमच उदाहरणादाखल घ्या. मिलिंद इंगळे यांच्या गाण्याआधी सौमित्र यांच्या आवाजात कविता येते, तिच्यातूनच पाऊस दाटत जातो आणि मग गाणे सुरू होते. कॅसेटवर हे सलग होते. आज कुणी नुसते गाणेच तेवढे पाठवते, आणि घेणाऱ्याला त्याच्या आधी काही होते याचा पत्ताही नसतो. जुन्या गाण्याविषयी चार ओळी मी लिहितो त्या यासाठी. त्या नसतील, तर मराठीतील चित्रपटबाह्य पॉप गाणे तुकड्यातुकड्यांनीच शिल्लक राहील.

मुक्तछंद : ‘गारवा’बाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण ते जुने गाणे नीट पाठवण्याविषयी आहे, नव्याच्या जोडीला ते का यावे, हे त्यातून सिद्ध होत नाही. ‘गारवा’ मी स्वतंत्रपणे, कवितेसकट, पावसाळ्याच्या तोंडावर पाठवीन. मांडवीकाठ यांची रेमो आणि रित्विझ ही जोडी मात्र मी स्वीकारतो, कारण दोघांची गाणी वेगळी असल्याने तिथे सरस कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. लकी अली आणि कुहाड यांची जोडी मी अजूनही लावणार नाही. दोघांच्या हाती गिटार आहे, दोघेही हळुवार गातात आणि एवढ्या साम्यामुळे ऐकणारा पहिल्या कडव्यातच एकाची बाजू घेऊन मोकळा होतो.