शब्दचर्चा: ‘टेराफॉर्मिंग’ला काय म्हणावं? वस्ती, वावर की हवापालट?

गिरणाकाठ
आमच्या शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकात मंगळावर एक पान करतेय. वाचणारी मुलं आठवी-नववीची. मुख्य विषय टेराफॉर्मिंग, म्हणजे एखाद्या ग्रहाची हवा, तापमान, पाणी असं सगळंच बदलून तिथे माणसाला उघड्यावर राहता येईल असं करणं. मी मथळा दिला होता ‘मंगळ वस्तीयोग्य करताना’. आमच्या भूगोलाच्या सरांनी तो खोडला. ते म्हणाले, घुमटाखाली दहा माणसं राहिली तरी ती वस्तीच. अंटार्क्टिकात आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रं आहेत, तिथे माणसं राहतात, म्हणून काही कोणी अंटार्क्टिका बदलून टाकलेला नाही.

मुद्दा बिनतोड आहे. पण मग शब्द कोणता? वर्गात हे सगळं समजावून सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “मॅडम, म्हणजे मंगळाचं वावर करायचं का?” तेव्हापासून ‘वावर’, म्हणजे शेत, हा शब्द डोक्यातून जात नाहीये, पण छापलेल्या पानात चालेल का? पान शनिवारी लागणार आहे.

अक्षरमित्र
ताई, लॅटिन ‘टेरा’ म्हणजे भूमी, पृथ्वी. जॅक विल्यमसन या अमेरिकी विज्ञानकथालेखकाने १९४२ साली एका कथेत हा शब्द वापरला आणि पुढे शास्त्रज्ञांनी तो उचलला. तिकडे तो घडवलेलाच शब्द आहे, मग आपणही घडवावा. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ सावरकरांनी दिले तेव्हा तेही लोकांना जड वाटले होते, आज कोणी अडखळत नाही. पृथ्वीवरून विशेषण पार्थिव, म्हणून ‘पार्थिवीकरण’. व्युत्पत्ती नियमित आहे, अर्थही नेमका आहे.

पांझरेचं पाणी
दादा, पार्थिव नको. पेपरात रोज ‘पार्थिवावर अंत्यसंस्कार’ वाचणारी मुलं आहेत ही. ‘मंगळाचे पार्थिवीकरण’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तिरडीच येणार.

अक्षरमित्र
तो वर्तमानपत्रांनी शब्दाचा केलेला संकोच आहे. मूळ अर्थ कायम आहे. तरीही खटकत असेल तर ‘भौमीकरण’ घ्या. भूमीचे ते भौम.

खगोलवेडी
भौम हे मंगळाचंच नाव आहे! भूमीचा मुलगा म्हणून भौम. ‘कु’ म्हणजे पृथ्वी, तिच्यापोटी जन्मला म्हणून कुज. मंगळवारी येणाऱ्या प्रदोषाला पंचांगात भौमप्रदोष म्हणतात. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात मंगळवारी रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही विचारा. मंगळाचं भौमीकरण म्हणजे मंगळाचा मंगळच राहिला की.

अक्षरमित्र
शुक्राचे भौमीकरण म्हटले तर चालेल. गिरणाकाठ यांचे पान मंगळावर आहे, ही अडचण मान्य.

पांझरेचं पाणी
मला त्या मुलीचाच शब्द बरोबर वाटतो. आमचं गाव साक्री तालुक्यात. आजोबांच्या वाट्याला आला होता माळाचा तुकडा. वर मुरूम, खाली खडक, कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. आधी त्यांनी दगड वेचले. मोठे दगड उतारावर आडवे रचून ताली घातल्या, बारीक दगड बांधाच्या पोटात भरले. पावसाळ्यात वरून येणारं गढूळ पाणी तालीला अडायचं, पाणी मुरून जायचं आणि गाळ मागे राहायचा. मग नाल्यातला गाळ गाडीने आणून टाकला, शेणखत टाकलं, पहिली काही वर्षं नुसती कुळीथ-मठ असली पिकं घेतली. ज्या वर्षी तिथे बाजरी कमरेला लागली त्या वर्षी आजी म्हणाली, “वावरले माटी उनी,” म्हणजे वावराला माती आली. मी तेव्हा लहान होतो, पण ती बांधावर वाकून मूठभर माती दाबून बघत होती ते आठवतं.

असल्या जमिनीला आमच्याकडे ‘कमावलेलं वावर’ म्हणतात. कातडं कमावतात, शरीर कमावतात, तशी जमीन कमावतात. आहे त्या वस्तूवर राबून तिला कामाची करायची, हा ‘कमावणे’चा जुना अर्थ आहे. टेराफॉर्मिंग म्हणजे ग्रह कमावणे. आयता शब्द घरात असताना ‘-करण’ लावून नवा कशाला घडवायचा?

केळीबाग
कमावणे! व्वा. आमच्या यावलकडेही ‘कमावलेली जमीन’ सर्रास म्हणतात.

गिरणाकाठ
शब्द गोड आहे. पण आजच्या मुलांना ‘कमावणे’ म्हणजे फक्त पैसे मिळवणे. ‘मंगळ कमावला’ म्हणजे मंगळ कोणीतरी जिंकून घेतला असं वाटेल.

पांझरेचं पाणी
मग त्यांना सांगा ना ताई. त्यासाठीच तर भित्तिपत्रक असतं. एका पानावर विज्ञानही शिकतील आणि घरातला हरवत चाललेला अर्थही परत मिळेल.

आणि हे फक्त आजोबांच्या काळातलं नाही. आमच्याच तालुक्यातलं बारीपाडा बघा. उजाड झालेले डोंगर गावाने राखले, कुऱ्हाडबंदी केली, जंगल परत आलं आणि जंगलामागून विहिरींना पाणी आलं. त्याबद्दल चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. माणसाने मनावर घेतलं तर ओसाड भूमी राहण्याजोगी होते, हे खान्देशाला मंगळावर जाऊन शिकायची गरज नाही.

खगोलवेडी
बारीपाड्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण इथेच गल्लत होते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या माळावर, बारीपाड्याच्या डोंगरावर एक गोष्ट फुकट होती: हवा. ऊन पडत होतं, पाऊस येत होता, वाऱ्याने बी येत होतं. फक्त माती आणि पाणी थांबवायचं होतं. मंगळावर नेमकी हवाच नाही. जी आहे तिचा दाब सरासरी सहा मिलिबारच्या आसपास, आपल्याकडे समुद्रसपाटीला तो १०१३ असतो. म्हणजे एक टक्काही नाही, आणि त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दाब ६३ मिलिबारच्या खाली गेला की अंगाच्या तापमानालाच पाणी उकळायला लागतं, त्यामुळे तिथे नुसता ऑक्सिजनचा मुखवटा पुरत नाही, दाब धरून ठेवणारा अख्खा पोशाख लागतो. सरासरी तापमान उणे साठच्या घरात.

म्हणून जे कोणी टेराफॉर्मिंगचा विचार करतात ते आधी हवा जाड करायचं बघतात. जाड हवा ऊब धरते, ऊब आली की बर्फ वितळतं, दाब असला की वितळलेलं पाणी पाणी म्हणून टिकतं. ध्रुवांवरचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा करून हे सुरू होईल अशी आशा बरीच वर्षं होती. २०१८ साली जेकोस्की आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: ध्रुवांवरचा सगळा मोकळा केला तरी दाब जेमतेम दुप्पट होतो, म्हणजे पृथ्वीच्या १.२ टक्के. मातीत आणि खडकांत अडकलेला हाती लागण्याजोगा वायू धरला तरी पुरत नाही. मंगळाची जुनी दाट हवा बरीचशी अवकाशात निघून गेली आहे. त्याला सबंध ग्रहाचं चुंबकीय कवच उरलेलं नाही, सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, हवेचे वरचे थर ओरबाडत राहिला. मंगळाभोवती फिरणारं नासाचं मावेन यान २०१४ पासून हेच मोजत होतं.

आणि ऑक्सिजन? पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये तिथल्या हवेतून सगळा मिळून १२२ ग्रॅम तयार केला. प्रयोग म्हणून हे फार मोठं यश आहे. पण ग्रहभर हवा म्हणजे काय पल्ला आहे ते त्यावरून कळतं.

तेव्हा ‘टेरा’ या अक्षरांना भुलून आपण सगळे भूमीचे शब्द शोधतोय आणि मुलांना चुकीचं चित्र देतोय. काम भूमीवर नाही, हवेवर आहे. आपल्याकडे शब्द आहे: हवापालट. मंगळाचा हवापालट.

केळीबाग
हवापालट म्हणजे आजारातून उठल्यावर तोरणमाळला चार दिवस जाणं. तिथे माणूस हवा बदलतो, हवा स्वतः बदलत नाही.

खगोलवेडी
‘सत्तापालट’मध्ये सत्ताच पालटते ना? ‘खांदेपालट’मध्ये माणसं पालटतात. समास दोन्हीकडे तोच. हवापालटचा अर्थ आपण प्रवासापुरता ठेवला, तो मोकळा करू.

अक्षरमित्र
‘पार्थिव’चा अर्थ मोकळा करू म्हटले तर तो मृत ठरला आणि ‘हवापालट’चा मात्र करायचा? संस्कृत शब्दाला एक न्याय आणि घरगुती शब्दाला दुसरा, हे मला पटत नाही.

खगोलवेडी
फरक आहे दादा. ‘हवापालट’ ऐकून मुलगा हवेचाच विचार करेल, ‘पार्थिव’ ऐकून प्रेताचा. चूक होणारच असेल तर ती अर्थाच्या जवळची व्हावी.

तलाठी आप्पा
मी आयुष्यभर सातबारा लिहिला. जमीन कशाने जमीन होते याला महसुलात नेमके शब्द आहेत. जिरायत, बागायत, आणि ज्या तुकड्यात पीक येत नाही तो पोटखराबा. पोटखराब्यातही ‘अ’ आणि ‘ब’ असे वर्ग. रस्ते, नाले, स्मशान असं सार्वजनिक वापराचं ते ‘ब’, त्याला हात लावायचा नाही. खडकाळ म्हणून टाकलेलं ते ‘अ’. शेतकऱ्याने घाम गाळून ‘अ’ मधली जमीन लागवडीखाली आणली तर आता तशी नोंद करून घेता येते. मंगळ हा सगळा पोटखराबा वर्ग ‘अ’. तो वहितीखाली, म्हणजे लागवडीखाली, आणणे म्हणजे तुमचं ते टेराफॉर्मिंग. ‘वहिती’ शब्द वापरा. सरकारी आहे, मराठी आहे, शेतकऱ्याच्या पोराला घरच्या उताऱ्यावर रोज दिसतो.

खगोलवेडी ताईंची हवा मान्य, पण हवा कशासाठी? शेवटी कुठेतरी पेरायचंच आहे ना?

खगोलवेडी
पेरण्याआधी तिथली माती धुवावी लागेल आप्पा. फिनिक्स यानाला २००८ मध्ये तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचा क्षार सापडला, तो आपल्या थायरॉइडला बाधतं. आणि सेंद्रिय अंश नाही, गांडूळ नाही, जिवाणू नाहीत. भुसभुशीत दिसते म्हणून माती म्हणायची.

मोडीवाचक
सगळी चर्चा वाचली. तुम्हाला हवा असलेला शब्द मराठीत साडेतीनशे वर्षांपूर्वी रोजच्या कारभारात होता. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत ‘कीर्द-मामुरी’ भेटतो, कधी ‘कीर्द-महामुरी’. फौजांनी उजाड केलेला, रयत परागंदा झालेला मुलूख पुन्हा लागवडीला आणायचा आणि माणसांनी भरायचा, या दोन्ही कामांना मिळून तो एक शब्द. त्यासाठी रयतेला कौल, म्हणजे सरकारचं लेखी अभयवचन, द्यायचे, पडीत जमिनीला इस्तावा लावायचे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र शेतसारा आणि मग वर्षागणिक चढता. दुष्काळाने आणि स्वाऱ्यांनी पुन्हा पुन्हा ओस पडलेल्या आपल्या खान्देशाला या शब्दाचं मोल वेगळं सांगायला नको.

‘कीर्द’ फारसी ‘कर्दन’ म्हणजे करणे, त्यातला. ‘मामूर’ अरबी, अर्थ वसलेला, गजबजलेला. ज्या धातूतून ‘इमारत’ आली त्यातूनच मामूर आला, ‘उमर’ही त्याच घरातली. जिथे माणसं आयुष्य काढतात ते मामूर. अंटार्क्टिकातलं केंद्र मामूर नाही, तिथली माणसं पाळीने जातात आणि परत येतात. भूगोलाच्या सरांचा आक्षेप या शब्दाने आपोआप सुटतो.

अक्षरमित्र
म्हणजे लॅटिन काढून फारसी-अरबी आणायचे? मग टेराफॉर्मिंगच काय वाईट?

मोडीवाचक
जमीन, हवा, मुलूख, कारभार, शिवाय तुमच्या प्रतिसादातला ‘कायम’. काढा हे सगळे आणि मग बोलू. साडेतीनशे वर्षं मराठीत नांदलेला शब्द परका कसा?

पांझरेचं पाणी
नांदला असेल, पण आज मेला आहे. ‘कमावणे’ जिवंत आहे. आमच्या आजीला कीर्द-मामुरी माहीत नव्हता.

मोडीवाचक
आजीच्या आजीला असेल. शब्द मरत नाहीत, वापर थांबतो.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. उद्या पान लावायचंय, म्हणून सध्या असं करतेय: मथळ्यात ‘टेराफॉर्मिंग’ तसाच, खाली मोठ्या अक्षरांत ‘आधी हवा कमावायची, मग वावर’. खगोलवेडी ताईंचे आकडे चौकटीत. शुक्रावरही दोन ओळी घालतेय: खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये शुक्राच्या ढगांत शैवाल सोडण्याची कल्पना मांडली होती, पुढे तिथला दाब पृथ्वीच्या नव्वदपट निघाला आणि ती मागे पडली. कायमचा शब्द अजून हवाच आहे, चर्चा थांबवू नका.

खगोलवेडी
‘आधी हवा कमावायची’ यात सगळं आलं. माझं समाधान झालं.

अक्षरमित्र
माझे नाही. हे वाक्य आहे, संज्ञा नाही. विश्वकोशात नोंद कशाखाली करणार?

तलाठी आप्पा
मोडीवाचकांना एक विचारायचं राहिलं. कीर्द म्हणजे लागवड, हे मी पहिल्यांदा ऐकतोय. आमच्या विकास सोसायटीत रोजकीर्द असते, रोजचा जमाखर्च लिहायची वही. तिचा जमिनीशी काय संबंध?

मोडीवाचक
तोच शब्द आप्पा. ‘केलेलं काम’ हा गाभा. शेतात केलं तर लागवड, वहीत उतरवलं तर रोजकीर्द. शेतातला अर्थ गेला, वहीतला राहिला.

केळीबाग
आमचे वडील अडतीवर रोजकीर्द लिहायचे आणि रात्री त्यावरून खतावणी करायचे. मग खतावणीतलं खत आणि शेणखतातलं खत एकच का? दोन्हींनी हिशेब सुधारतो!

मोडीवाचक
नाही, शेणखताचा संबंध नाही. खरेदीखत, गहाणखतातलं ‘खत’ अरबी, म्हणजे लिखाण. खतावणी त्यातली.

अक्षरमित्र
चूक. खतावणी ‘खाते’वरून. खात्यांत वाटून लिहिणे ती खतावणी. हिंदीत खाता-खतौनी आहेच. इथे तरी फारसी-अरबी आणू नका.

मोडीवाचक
‘खाते’चं मूळ आधी सांगा, मग बोलू.

तलाठी आप्पा
आठ-अ च्या उताऱ्यालाही लोक खातेउतारा म्हणतात, खतउतारा म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. माझं मत अक्षरमित्रांना.